गाडी हलवायची नाही: तोरणमाळच्या तळ्याकाठी एक अख्खा दिवस

खानदेशातून घरातल्या माणसांसह, भांड्याकुंड्यांसह गाडी निघाली की बहुतेकांच्या डोळ्यासमोर समुद्र असतो. नवापूर, सोनगढ, बारडोली करत सुरतेकडे जायचं आणि डुमसला किंवा दांडीला लाटा बघायच्या. आमचंही तसंच. अमळनेरहून निघतो तेव्हा आई दर वेळी म्हणते, "तापीमाय जिथं समुद्राला मिळते तिथं एकदा ओंजळभर पाणी घ्यायचं." पण या सहलीतला सगळ्यात निवांत दिवस समुद्रावर जात नाही, असं चार हिवाळ्यांनंतर आता मी खात्रीने सांगू शकतो. तो जातो वाटेवर, सातपुड्यात, तोरणमाळच्या यशवंत तलावाकाठी. त्या दिवशी गाडीची किल्ली डब्यात टाकून झाकण लावतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत काढत नाही.

असा दिवस आपोआप मिळत नाही. पाणी संपलं, बॅटरी बसली, मीठ राहिलं, गाडी उताराला लागली म्हणून रात्रभर डोकं खाली, पाय वर. यातलं एक जरी झालं तरी किल्ली फिरवावीच लागते, आणि किल्ली फिरली की दिवस गेला. म्हणून हा लेख मुख्यतः आदल्या संध्याकाळपर्यंतच्या तयारीचा आहे. आमची गाडी म्हणजे जुनी बारा सीटर ट्रॅव्हलर. मागच्या सीट काढून दोन फळ्यांचे पलंग, एक ओटा आणि खाली डबे. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, त्यानंतर सगळ्या सोयींच्या गाड्या भाड्यानेही मिळू लागल्या. पण साध्या व्हॅनमध्ये गाद्या टाकून जाणाऱ्यांनाही खालचं सगळं तितकंच लागू आहे.

कधी जायचं, कुठून चढायचं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. उन्हाळ्यातही वर गारवा असतो, कारण तोरणमाळ समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंच आहे आणि खालचं तापीचं खोरं त्याच्यापेक्षा साधारण हजार मीटर खाली. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. शहाद्याला चाळीस असेल तर वर चौतीसच्या आसपास. पण गाडीच्या पत्र्याला चौतीस अंशही पुरतात, दुपारी आत बसवत नाही. पावसाळ्यात सातपुडा हिरवागार आणि सीताखाईच्या दरीला पाणी असतं, मात्र घाटात धुकं आणि निसरडं. मोठी गाडी घेऊन तेव्हा जाऊ नका.

महाशिवरात्रीला इथे गोरक्षनाथांची मोठी यात्रा भरते. यात्रा बघायला जायचं असेल तर अवश्य जा, पण मग निवांत दिवसाची अपेक्षा ठेवू नका. आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या लक्षात येत नाही: दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा आणि घोड्यांचा बाजार असतो. धुळे-दोंडाईचाकडून शहाद्याला जाणारा रस्ता सारंगखेड्यातूनच तापी ओलांडतो. मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आसपास निघणार असाल तर एक तर घोडे बघायलाच थांबा (मुलं खूश होतात), नाही तर शिरपूरकडून या. जळगाव, रावेर, यावलकडच्यांना बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्याने चोपडा, शिरपूर, शहादा हेच सोयीचं.

शहादा हे शेवटचं मोठं गाव. तिथून तोरणमाळ पन्नासेक किलोमीटर. डिझेल, हवा, भाजी, औषधं, सुटे पैसे, सगळं शहाद्यातच घ्या. पुढे म्हसावद, राणीपूर करत गाडी डोंगराच्या पायथ्याशी लागते आणि घाट सुरू होतो. सात पायरीचा घाट म्हणतात त्याला. वळणं आखूड आहेत, समोरून माणसांनी भरलेल्या जीपा येतात. प्रत्येक वळणाआधी हॉर्न द्या आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट मिळते हा नियम समोरचा पाळेलच असं धरू नका. घाट उजेडातच चढा. दुपारी चारपर्यंत वर पोचलात तर गाडी लावायला जागा नीट बघता येते, आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं काम आहे.

गाडी कशी लावायची

पहिल्या वर्षी आम्ही गाडी पाण्याच्या अगदी कडेला लावली होती. खिडकीतून तळं दिसायला हवं हा माझाच हट्ट. रात्री अवकाळी सरी आल्या. सकाळी मागचं डावं चाक वीतभर मातीत रुतलेलं. रिकामी पोती, जॅक, दगड आणि गावातल्या सहा जणांचे हात लागले तेव्हा अकरा वाजता गाडी निघाली. त्या माणसांनी पैसे घेतले नाहीत, चहा मात्र घेतला. तेव्हापासून गाडी काठापासून लांब, मुरमाच्या किंवा दगडाच्या पक्क्या जागेवरच लावतो. पाणी बघायला चार पावलं चालत जातो.

जागा निवडताना आधी विचारा. पर्यटन महामंडळाचं निवासस्थान इथे आहे, त्यांच्या आवारात किंवा जवळपास गाडी उभी करून रात्र काढता येईल का ते तिथे जाऊन विचारावं. उघड्यावर थांबायचं असेल तर जवळच्या टपरीवर, घरी सांगून थांबावं. हा भिल्ल आणि पावरा लोकांचा मुलूख. आपण त्यांच्या अंगणात मुक्कामाला आलेलो असतो. विचारून थांबलेल्या माणसाकडे सगळे लक्ष ठेवतात.

आता दिशा. ट्रॅव्हलरचं मोठं दार डाव्या बाजूला असतं. गाडीचं तोंड दक्षिणेकडे केलं की दार पूर्वेला येतं. त्याचा फायदा दिवसभर मिळतो. सकाळी थंडी असते तेव्हा कोवळं ऊन थेट दारातून पलंगापर्यंत येतं. दुपारी सूर्य पलीकडे गेला की गाडीचीच सावली दारापुढच्या चटईवर पडते, आणि जसजशी संध्याकाळ होते तसतशी ती सावली लांबत जाते. वेगळा मंडप बांधावा लागत नाही. त्यातल्या त्यात मागची बाजू वाऱ्याकडे असेल तर उत्तम. एकदा आम्ही दार वाऱ्याच्या तोंडावर ठेवून स्वयंपाक मांडत होतो, तेव्हा धुळ्याकडचा एक पिकअपवाला थांबून म्हणाला, "जिभाऊ, रातले वारा तठून येस. दार आठे फिराई ल्या." त्याचं ऐकलं म्हणून रात्री झोप लागली.

मग सपाटी. अर्धी भरलेली पाण्याची बाटली गाडीच्या फळीवर आडवी ठेवा, एकदा लांबीत, एकदा रुंदीत. आतली हवा ज्या बाजूला सरकते ती बाजू उंच. दोन इंच जाडीच्या फळ्यांचे चार तुकडे आम्ही कायम बरोबर ठेवतो. सखल बाजूच्या चाकापुढे फळी ठेवायची आणि हळूच गाडी तिच्यावर चढवायची. अगदी तंतोतंत सपाट झाली नाही तरी चालेल, पण झोपताना डोकं पायांपेक्षा वर हवं. मग हँडब्रेक, गाडी पहिल्या गिअरमध्ये, चाकांना दगड. इथे इंजिन बंद केलं की ते परवा सकाळी सुरू करायचं, हे मनाशी पक्कं करा.

पाणी आणि वीज

पाण्याचा हिशोब सोपा आहे. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी पाच लिटर, भांडी-तोंड-हातपाय यांना आणखी पाच. आम्ही पाच जण, म्हणजे दिवसाला पन्नास लिटर. वर वीस लिटर शिल्लक. पिण्याचे वीस-वीस लिटरचे दोन जार वेगळे, वापरायची टाकी वेगळी, आणि टाकीचा पेला जारमध्ये बुडवायचा नाही. आंघोळ धरली तर माणशी दहा लिटर वाढतात. थंडीत मोठी माणसं एक दिवस ओल्या टॉवेलवर भागवतात, मुलांना दुपारी उन्हात तापलेल्या पाण्याने अंघोळ घालायची. काळ्या रंगाचा वीस लिटरचा कॅन सकाळी नऊला उन्हात ठेवला की दोनपर्यंत पाणी कोमट होतं.

साबणाचं पाणी तळ्यात किंवा तळ्याकडे जाणाऱ्या ओघळीत सोडू नका. बादलीत साठवा, तळ्यापासून शंभर पावलं लांब जा आणि उघड्या मातीवर पसरून टाका. खरकटं वेगळं गाळून पिशवीत. हे मी कळकळीने सांगतोय, कारण या तळ्यावर गुरं येतात, माणसं येतात, आणि आपण एका दिवसात जे टाकून जातो ते त्यांच्या वाट्याला वर्षभर राहतं.

विजेचा हिशोब मात्र बहुतेक जण करत नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी रात्री अंधारात बसतात. गाडीची मूळ बॅटरी फक्त स्टार्टरसाठी. दिवे, पंखे, मोबाइल यांना दुसरी बॅटरी हवी. आमच्याकडे १०० अँपिअर-अवरची साधी इन्व्हर्टरची बॅटरी आहे. तिच्यातले निम्मेच, म्हणजे ५० अँपिअर-अवर वापरायचे. त्याखाली नेलं की बॅटरीचं आयुष्य भराभर घटतं. आता खर्च बघा. एलईडी पट्टी संध्याकाळी पाच तास लावली तर ५. चार मोबाइल पूर्ण चार्ज केले तर ६ ते ७. लहान पंखा आठ तास चालला तर १२ ते १६, पण हिवाळ्यात तो लागत नाही. आणि १२ व्होल्टचा छोटा फ्रिज? तो अर्धा वेळ चालला तरी चोवीस तासांत ४० ते ४५ खातो. म्हणजे एकटा फ्रिज सगळी बॅटरी पिऊन टाकतो.

म्हणून मुक्कामाच्या दिवशी आम्ही फ्रिज बंदच ठेवतो. घरून निघताना पाण्याच्या चार बाटल्या गोठवून आणायच्या आणि त्या थर्माकोलच्या खोक्यात तळाशी ठेवायच्या. खोकं दिवसातून दोनदाच उघडायचं. वरच्या हवेत दूध-दही दीड दिवस आरामात टिकतं. बॅटरी भरायला १०० वॉटचं सोलर पॅनल असेल तर स्वच्छ हिवाळी दिवसात २५ ते ३० अँपिअर-अवर परत मिळतात. ते टपावर पक्कं बसवण्यापेक्षा लांब वायरवर सुटं ठेवलेलं बरं. गाडी सावलीत आणि पॅनल उन्हात, दोन्ही साधतं.

जेवण

निवांत दिवशी घरातली एकच बाई ओट्यापुढे उभी राहणार असेल तर तो दिवस निवांत म्हणू नये. त्यामुळे जड काम घरी उरकायचं आणि तिथलं काम वाटून घ्यायचं.

शेवभाजी या कामाला सगळ्यात चांगली. कांदा, सुकं खोबरं, लसूण भाजून, काळा मसाला घालून वाटण घरीच तेलात चांगलं परतून न्यायचं. पाणी न घालता परतलेलं वाटण थंडीत दोन दिवस काही होत नाही. तिथे फक्त पाणी उकळायचं, वाटण सोडायचं, तर्री वर आली की जाड तिखट शेव. शेव पानात वाढतानाच घालायची. आधी घातली तर तिचा लगदा होतो.

दुपारी भरीत. हिवाळ्यात भरताची मोठी हिरवी-पांढरी वांगी खानदेशात सगळीकडे मिळतात. खरी चव कपाशीच्या काड्यांवर भाजल्याची, पण तोरणमाळला भोवती सगळं जंगल आहे, वाळलेलं गवत आहे. तिथे उघड्यावर जाळ करू नका, कितीही मोह झाला तरी. वांगी घरच्या खळ्यात काड्यांवर भाजून, सोलून, डब्यात नेतो. तिथे हिरवी मिरची आणि लसूण तेलात परतून ठेचायचे, त्यातच वांगं घोटायचं, वर कांद्याची पात, कोथिंबीर, तळलेले शेंगदाणे. आमच्याकडे हे काम मुलं करतात. भांड्याला जाड बूड हवं आणि ठेचणारा मांडी घालून खाली बसलेला हवा. उभ्याने भरीत नीट घोटलं जात नाही. कळण्याच्या भाकरीचं पीठ (ज्वारी आणि उडीद, अंदाजे चाराला एक) मीठ घालून दळूनच न्या. भाकरी करणारं कोणी नसेल तर कळण्याच्या पुऱ्या आदल्या दिवशीच्याही चालतात.

उंचीमुळे वर पाणी ९६ अंशांच्या आसपासच उकळतं. फरक थोडा आहे, पण उघड्या पातेल्यात डाळ लवकर शिजत नाही. छोटा कुकर न्या.

गॅसची पाच किलोची टाकी बाहेर चटईजवळ, वाऱ्याला आडोसा करून वापरा. आणि हे लक्षात ठेवाच: थंडी वाजते म्हणून बंद गाडीत शेगडी किंवा गॅस पेटवून झोपू नका, इंजिन चालू ठेवून हीटर लावून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्या माणसाला काही कळत नाही. थंडीचा इलाज म्हणजे गोधड्या, कानटोपी आणि खाली जाड सतरंजी, कारण थंडी फळीखालून येते. समोरासमोरच्या दोन काचा दोन-दोन बोटं उघड्या ठेवा. त्या पूर्ण लावल्या तर पाच माणसांच्या श्वासाची वाफ पहाटे काचांवरून गाद्यांवर गळते.

आणि मग दिवस

सकाळी उठायची वेळ ठरवू नका. उजाडताना तळ्यावर धुक्याचा पातळ थर असतो. तो पाण्यापासून उचलला जातो आणि समोरच्या टेकडीची आधी फक्त कड दिसते, मग झाडं. आई तेव्हा दारात पाय सोडून बसते, शालीत हात गुंडाळून, आणि चहाचा कप दोन्ही तळव्यांत धरते. त्या अर्ध्या तासात कोणाला काही काम सांगायचं नाही, असा आमच्या घरचा नियम आहे.

एक फेरी पुरे. गोरक्षनाथांचं मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा, सीताखाई, खडकी पॉइंट, कमळ तलाव, एवढी नावं ऐकली की सगळं उरकायची घाई सुटते. उरकू नका. एक निवडा, पायी जा, पायी या. मी सकाळच्या फेरीला सीताखाईची बाजू सांगेन, कारण दरीत ऊन हळूहळू उतरताना दिसतं. कठड्याजवळ मुलांचा हात सोडू नका. आईसारखं कोणी बरोबर असेल तर मंदिरापर्यंतच जा आणि तिथे बसा. बाकीची ठिकाणं पुढच्या वर्षी.

तळ्यात पोहायला उतरू नका. तळाशी गाळ आणि पाणवनस्पती असतात, पाय अडकतो, आणि खोली कुठे एकदम वाढते ते वरून कळत नाही. मुलांना घोट्याएवढ्या पाण्यात, मोठ्यांच्या नजरेसमोर.

दुपारी जेवून झोप. संध्याकाळी टपरीवर चहाला जा, चार शब्द बोला. इथल्या बाजारात मोहाची फुलं, डिंक, रानातली फळं-भाज्या ऋतूप्रमाणे येतात. घासाघीस न करता घ्या. मोबाइलला रेंज फारशी मिळत नाही, म्हणून घरी राहिलेल्यांना आदल्या दिवशी शहाद्यातूनच सांगून ठेवा की उद्या फोन लागणार नाही. मुलांसाठी पत्ते, सारीपाट, चंफुल असं काही असू द्या. माझा मावसभाऊ पहिल्यांदा आला तेव्हा दुपारी तीनला अस्वस्थ झाला, आता काय करायचं म्हणून येरझाऱ्या घालू लागला. आई त्याला म्हणाली, "बठ ना भो, काय घाई शे?" तो बसला आणि अंधार पडेपर्यंत तिच्या माहेरच्या गोष्टी ऐकत राहिला. आम्हालाही त्यातल्या निम्म्या माहीत नव्हत्या.

हेच समुद्रावर करायचं तर

तापीच्या मुखाकडे, डुमस किंवा दांडीकडे पुढे जाणार असाल तर तयारी हीच, फक्त तीन गोष्टी बदलतात. गाडी वाळूवर मुळीच उतरवू नका. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा फरक मोठा आहे आणि किनारा सपाट, त्यामुळे ओहोटीला समुद्र फार मागे गेलेला दिसतो आणि परत येतो तो चालत्या माणसाच्या अंदाजाबाहेर. दोन भरत्यांमध्ये साधारण साडेबारा तास जातात, रोजची वेळ पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं. पोचल्या पोचल्या गावात त्या दिवसाची भरतीची वेळ विचारा. दुसरं, खारी हवा. परत आल्यावर गाडी खालून गोड्या पाण्याने धुवा, नाही तर पत्रा वर्षात गंजतो. तिसरं, पिण्याच्या पाण्याचा साठा दीडपट.

निघताना

दुसऱ्या दिवशी घाई न करता, पण ऊन चढायच्या आत निघा. क्रम ठरलेला ठेवा: आधी टाकी आणि गॅसचा नॉब बंद, मग भांडी-डबे बांधून खाली, मग कचऱ्याची पिशवी गाडीत (ती शहाद्यात टाकायची), मग फळ्या आणि चाकांचे दगड. शेवटी एक जण गाडीभोवती पूर्ण फेरी मारून चटईची जागा बघतो. प्लॅस्टिकचा एक तुकडाही राहिला असेल तर उचलतो.

इंजिन दोन मिनिटं चालू ठेवून ब्रेक दाबून बघा. घाट ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, बहुतेक दुसऱ्या. ब्रेकवर पाय सतत ठेवला की ते तापतात, जळका वास येतो आणि मग ऐन वळणावर पकड कमी होते. वास आलाच तर रुंद जागा बघून गाडी थांबवा, चाकांवर पाणी ओतू नका, वीस मिनिटं नुसतं थांबा. पायथ्याला राणीपूरला पहिला चहा घ्या. तिथवर आलं की मोबाइल वाजायला लागतो.